फोटोत उगवलेली अडीच बोटं

लोक हिमालयात जातात, केरळला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना बोलावून फोटो दाखवतात. मी चार दिवस चाकणजवळच्या कुरुळीला जाऊन आलो आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही. कॅमेरा गळ्यातच होता. पस्तीस वर्षं केजमध्ये फोटो स्टुडिओ चालवतोय, कॅमेऱ्याशिवाय मी पायरी उतरत नाही. पण त्या चार दिवसांत फोटो या गोष्टीचाच मला इतका संताप आला की एक कामाचा फोटो सोडला तर कॅमेरा डोळ्याला लावावासा वाटला नाही. तो संताप अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितोय, निदान इथल्या मंडळींना कळावं तिकडे काय चाललंय ते.

निघायला कारण झालं भाचीच्या फोनचं. सारिका ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचा नवरा बालाजी चाकण पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्यात प्रेस मशिनवर होता. गेल्या दिवाळीनंतर त्या मशिनने त्याच्या उजव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट अर्धं नेलं. उरली अडीच. आता दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरमध्ये बसून करायचं काम होतं, अपंगांसाठी राखून ठेवलेलं. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा, निदान अर्ज दाखल झाल्याची पोच तरी महिनाअखेरीपर्यंत हवी. महिना संपायला सहा दिवस राहिले होते आणि अर्ज परत आला होता.

"मामा, फोटोमुळं नामंजूर केलाय म्हनं," सारिका फोनवर रडत होती. "तुमी फोटोतले हाव. तुमीच या."

मला वाटलं, डोळे मिटले असतील, नाहीतर मागे कॅलेंडर आलं असेल. कॅमेरा घेतला, पाठीमागे धरायचा पांढरा पडदा घेतला आणि गाडीत बसलो. पडदा गाडीतच विसरलो, ते उतरल्यावर लक्षात आलं. सुरुवात अशी झाली.

कुरुळी

कुरुळी हे गाव आहे असं तिथले लोक म्हणतात. मला आधी दिसले ते कंटेनर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड, पत्र्याच्या भिंती, त्यांच्यामध्ये मध्येच ओढणीएवढं कांद्याचं वावर, पुन्हा शेड. शिफ्ट सुटली की रस्ता माणसांनी भरतो. सगळ्यांच्या पाठीला सारख्या सॅक, गळ्यात सारखी कार्डं. बोली मात्र आमचीच कानावर पडते. बीड, लातूर, परभणी सगळं तिथे खोल्या करून राहिलंय.

चौकात एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर गोरापान, गुळगुळीत चेहऱ्याचा एक गृहस्थ, अंगात काळा कोट, डोळ्यांवर गॉगल, मागे बर्फाचे डोंगर. खाली लिहिलेलं, 'सोपानआबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी म्हटलं, असतील कोणी पुढारी. सारिकाच्या चाळीपाशी पोचलो तर दारातल्या बाजेवर सत्तरीचे एक काळेसावळे म्हातारबा बसलेले. धोतर, खांद्यावर उपरणं, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. कसा छान चेहरा! उन्हात बसवून फोटो काढावा असा. हे चाळीचे मालक. जुने कुरुळीकर. शेतीचा बराचसा भाग कंपन्यांत गेला, उरलेल्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. यांचंच नाव सोपानआबा.

"आबा, मग चौकातला तो कोण?"

"आमीच हाय की!" आबा खूश झाले. "नातसुनंनं मोबाइलवर केलंय. झ्याक दिसतुया का न्हाई?"

"त्यात तुमच्यासारखं काहीच नाही."

"आता कोट घालून बर्फात आमी कवा जायाचं, पावनं? फोटो तरी जाऊ द्या की."

ते हसले, मी हसलो नाही. आमच्या केजमध्येही फ्लेक्स लागतात, मी स्वतः छापून देतो. पण फ्लेक्सखाली माणूस उभा केला तर लोकांना ओळखू येतो. इथे आबांची बायको ओळखणार नाही. सत्तर वर्षं ऊन खाऊन कमावलेला चेहरा एका बटणात पुसला आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छा!

चाळीत दहा खोल्या. दिवसाउजेडी निम्मी दारं बंद, कारण आत कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. बायका नळावर बोलतात त्याही हळू आवाजात. आमच्याकडे दुपारी दार बंद दिसलं की शेजारी विचारायला येतात, बरं नाही का म्हणून. इथे विचारलं तर झोपमोड होते. दोन दिवसांत मीही चप्पल उचलून चालायला शिकलो.

सारिकाने येसर आमटी केली होती, गावाकडच्या मसाल्याची, आणि ज्वारीची भाकरी. पीठ अजून केजहून येतं. बालाजी जेवायला बसला तो भिंतीकडे तोंड करून. पाहुण्याकडे पाठ करून जेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग कळलं, भाकरी मोडताना हात दिसू नये म्हणून. अंगठा आणि एका बोटाने तो भाकरीचा इवलासा तुकडा तोडायचा, तो निसटायचा, पुन्हा तोडायचा. बाहेर जाताना तो हात खिशात असायचा. बोलताना, उभा असताना, पोरीला कडेवर घेतानासुद्धा.

जेवण झाल्यावर सारिकाने मोबाइलवर तो नामंजूर झालेला फोटो दाखवला.

नियम असा होता की एकाच फोटोत चेहरा आणि अपंगत्व असलेला अवयव दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत, मागे पांढरं. फोटोत बालाजी होता. निदान बालाजीसारखा कोणी होता, तीन शेड गोरा. छातीशी उजवा हात धरलेला. त्या हाताला पाच बोटं होती. लांबसडक, नखं गुलाबी, एखाद्या नटाच्या हातासारखी.

"सारिका, हा हात कोणाचा आहे?"

तिने मान खाली घातली. खोलीत उजेड नव्हता, फोटो अंधुक आला, संकेतस्थळ तो घेईना. शेजारणीने एक ॲप सांगितलं. फोटो टाकायचा, एक बटण दाबायचं, सगळं स्पष्ट होतं. झालंही. मागचं कपाट गेलं, पांढरं आलं, चेहरा उजळला. "मी चेहराच बघितला वो मामा. फोटो म्हनल्यावर माणूस चेहराच बघतं ना. टाकला आन् पाठवून दिला."

अर्जाला जोडलेल्या डॉक्टरांच्या कागदावर अडीच बोटं नाहीत आणि फोटोत पाचही आहेत. शेरा आला होता, 'छायाचित्र विसंगत, अर्ज संशयास्पद.' म्हणजे लबाडी करणारा माणूस ठरला बालाजी. मशिनने बोटं नेली तेव्हा त्याला कोणी इतक्या तत्परतेने कागद पाठवला नव्हता.

चाकण

दुसऱ्या दिवशी बालाजीला घेऊन चाकणला गेलो. माझा पडदा राहिला होता, तेव्हा एखाद्या व्यवसायबंधूच्या स्टुडिओत रीतसर फोटो काढावा, हा विचार. बाजारात कांद्याच्या गोण्या आणि वाहनं यांतून वाट काढत एका स्टुडिओत पोचलो. वर पाटी, आत स्टुडिओ नाही. दिवे विकले, पडदे विकले. टेबलामागे माझ्याच वयाचा मालक, हातात मोबाइल.

"पडदा कशाला लागतो राव?" तो म्हणाला. "मागं टपरी असू द्या नाहीतर म्हैस, ॲप पांढरं करतंय."

"मला खरा फोटो पाहिजे."

"अहो खराच असतो! फक्त चांगला."

मी तोंड उघडायच्या आत त्याने बालाजीला भिंतीशी उभं केलं, फोटो काढला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरलं. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आधी बालाजीच्या हातावरची शिवणीची खूण गेली. मग जिथे काही नव्हतं तिथून एक बोट आलं, शेजारी दुसरं. मधलं अर्धं बोट पुरं झालं. सगळं मिळून पाच श्वास लागले असतील.

"बघा, हात कसा भरून आला!" मालक कौतुकाने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. आवाज खाली आला. "त्याला माणसाचा हात म्हंजी पाच बोटांचाच माहीत असतोय, भाऊ. त्याची चूक न्हाई. इथं असले हातवाले लई येतात."

असले हातवाले लई येतात! माझं डोकं फिरलं. मी त्या दुकानात मोठमोठ्याने काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पण एवढं विचारलं की, ज्या गावात चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर अशी बोटं गेलेली दोन-चार माणसं सहज दिसतात, त्या गावातल्या मोबाइलला अशी माणसं असतात हेच माहीत नाही? कुठेतरी गार खोलीत बसून कोणी तरी ठरवलं की काळं असेल ते गोरं करायचं, सुरकुतलेलं असेल ते सपाट करायचं, तुटलेलं असेल ते जोडायचं. कोणाला विचारून? यांत्रिक प्रेसला पुढे सेन्सर असतो, हात आत असला की ती थांबते. बालाजीच्या कारखान्यात माल जास्त निघावा म्हणून तो बंद ठेवायचे. म्हणजे ज्या यंत्राला हात दिसायला हवा होता त्याला तो दिसू दिला नाही, आणि ज्याने आहे तेवढंच दाखवायचं त्याने नसलेली बोटं दाखवली.

 मालकाच्या हातातल्या त्या फोटोकडे बालाजी बघत होता. मला वाटलं, तोही संतापलाय.

पिंपरी

तिसऱ्या दिवशी थेट दाखल्याच्या कचेरीत. सोपानआबा म्हणाले, आमी गाडी काढतो. माझ्या बोलण्याचा राग त्यांनी धरला नव्हता, उलट "पावनं तिखट हाय" म्हणून सगळ्या चाळीला सांगितलं होतं. पुढे आबा आणि त्यांचा ड्रायव्हर, मागे आम्ही तिघं. मोशीच्या पुलावर गाडी तुंबली. खाली इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता आणि पुलाच्या कठड्याशी एक जोडपं त्या फेसासकट स्वतःचा फोटो काढत होतं. आबांनी काच खाली करून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये बी बर्फ करून टाकतील." त्या वेळी मात्र मी हसलो.

कचेरीत खिडकीमागे एक बाई होत्या. चेहरा दमलेला, समोर कागदांचा ढीग. बालाजीने शेऱ्याचा कागद दिला. बाईंनी संगणकात फोटो उघडला.

"ह्यात हात पूर्ण दिसतोय."

बालाजीने हात खिशातून काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. बाईंनी हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"ते मला दिसतंय हो. पण सिस्टिमला फोटोच दिसतो."

पस्तीस वर्षांत माझा इतका अपमान कोणी केला नव्हता, आणि त्या बाई तर माझ्याशी बोलतही नव्हत्या. माणूस समोर उभा आहे, हात फळीवर आहे, आणि खरा कोण? तर फोटो! बाईंच्या गळ्यातल्या कार्डावर त्यांचा फोटो होता. त्यात एकही सुरकुती नव्हती, गाल गुलाबी, डोळे दीडपट मोठे.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्या कार्डावर ही कोण आहे? सिस्टिम खरी असेल तर तिने तुम्हालाही सकाळी आत सोडायला नको होतं."

 सारिकाने माझा सदरा ओढला. मला वाटलं, संपलं, आता पोच मिळत नाही. बाईंनी कार्ड उलटं करून पाहिलं, बराच वेळ. "मुलीनं करून दिलाय," त्या म्हणाल्या. नंतर खुर्ची मागे सरकवली. "काका, ओरडू नका. नवा अर्ज भरा. फोटो इथंच व्हरांड्यात काढा, माझ्यासमोर. पाचच्या आत चढवा, मी लगेच तपासून पोच देते."

व्हरांड्यात उत्तरेचा मऊ उजेड होता. पडदा नव्हता, म्हणून आबांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं काढून बालाजीच्या पाठीमागे दोन्ही हातांनी ताणून धरलं. "हालू नगा आबा," सारिका म्हणाली, तर ते श्वास धरून उभे राहिले. मी कॅमेऱ्याने फोटो काढला, अप्रतिम आला. पण तो संगणकात घालायचा कसा? कॅमेऱ्याचं कार्ड घालायला तिथे कुठेच जागा नव्हती. मोबाइलवरच काढा, बाई म्हणाल्या.

मी माझा मोबाइल काढला. वर्षभर वापरतोय, घरच्यांचे फोटो काढतो. फोटो काढून मोठा करून पाहिला तर बोटं अडीचच होती, देवाची कृपा, पण हातावरची शिवण गुळगुळीत होऊन गेली होती. पुन्हा काढला, पुन्हा तेच. दुनियेला शिव्या घालत फिरणाऱ्या माझ्याच खिशात ते बसलं होतं, आणि पस्तीस वर्षं धंदा करून ते बंद कसं करायचं हे मला माहीत नव्हतं. सारिकाने मोबाइल घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं. "ह्ये असं शून्यावर आनायचं मामा. म्या परवाच शिकले."

तिसऱ्यांदा काढला. "बोटं पसर," मी बालाजीला म्हणालो, सवयीने. मग माझी मलाच लाज वाटली. त्याने होती तेवढी पसरली. शिवण दिसली, काळसर त्वचा दिसली, डोळ्यांखालचं काळं दिसलं. चार वाजून गेल्यावर पोच हातात आली. आबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. कंपनीने ती जागा राखून ठेवली हेही इथेच सांगून टाकतो. दाखला पुढे आला आणि बालाजी आता स्टोअरमध्ये आहे.

नाशिक फाटा

चौथ्या दिवशी सकाळी बालाजी मला गाडीवर बसवायला आला. गाडीला वेळ होता, चहा घेतला. त्याने वेळ बघायला मोबाइल काढला आणि मी पाहिलं, पडद्यावर तोच फोटो. पाच बोटांचा.

"हा अजून ठेवलास? काढून टाक आधी! ह्याच्यापायी नोकरी जात होती तुझी."

 त्याचा चहा डाव्या हातात होता.

"मामा, एक सांगू का? सारिकाला सांगू नका. पाठवायच्या आधी म्या बघितला व्हता त्यो फोटो."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"व्हय. तिनं चेहरा बघितला. म्या हातच बघितला."

मी इतका भडकलो की चहावाल्याने वळून पाहिलं. चार दिवस मी कोणाकोणाशी भांडलो, त्या बाईंना चारचौघांत काय बोललो, आणि हा माणूस जाणूनबुजून... "मग बोलला का नाहीस? वेडा आहेस का तू?"

"बोलनारच व्हतो," तो म्हणाला. "पन बोटं दिसली. दिवाळीपासनं पयल्यांदा दिसली. आता ह्ये चुकीचं हाय म्हनून आपनच कसं सांगावं? तोंडातनं निघंना. तवर तिनं पाठवून दिला."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ती माझी न्हाईत, कळतंय मला," तो पुढे म्हणाला. "माझी करंगळी वाकडी व्हती. ल्हानपनी इटी-दांडू खेळताना इटी लागून मोडल्याली, तशीच बसली. ह्याच्यात सरळ हाय. कुनाची तरी हायेत. पन हायेत ना."

गाडी आली. मी बसलो. मी खिडकीतून हात हलवला, त्याने नेहमीसारखा डावा हलवला.

केज

घरी आल्यावर जेवलोसुद्धा नाही, थेट स्टुडिओ उघडला. बालाजी-सारिकाचं लग्न मीच काढलं होतं. मनात होतं, त्याची स्वतःची बोटं असलेला फोटो शोधून पाठवायचा, मग तो नकली पुसेल. अल्बममध्ये कन्यादानाचा फोटो आहे, दोघांचे हात जवळून, वरून पाण्याची धार. पानभर मोठा. माझ्या आवडीचा.

संगणकावर मोठा करून पाहिला. हात स्वच्छ, नखं गुलाबी. करंगळी सरळ.

मग आठवलं. मंडपात बालाजीच्या नखांत मशिनचं काळं तेल होतं, कितीही घासलं तरी न निघणारं. बहीण म्हणाली होती, "दादा, जावयाचे हात जरा नीट कर, चारचौघांत अल्बम जातो." मी संगणकावर दोन तास बसून नखं धुतली होती. तेवढ्यात करंगळी वाकडी दिसली, तीही ओढून सरळ केली. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताला सवय होती, आणि मी स्वतःवर खूश होतो. चाकणच्या त्या मालकाला मी काय काय बोललो ते सगळं मला त्या खुर्चीत बसून पुन्हा ऐकावं लागलं. मूळ फोटो तर जागा पुरत नाही म्हणून कधीच पुसून टाकलेले होते.

अल्बमसाठी न निवडलेल्या फोटोंचं एक भेंडोळं मात्र जुन्या डिस्कवर राहिलं होतं. डोळे मिटलेले, पाठमोरे, जेवतानाचे. पंगतीतले फोटो कोणी अल्बममध्ये घालत नाहीत, तोंड वाकडं येतं. त्यात एक बालाजीचा निघाला. मुंडावळ्या मागे टाकून तो जेवतोय, तोंड भरलेलं, उजव्या हातात वरणभाताचा घास. पाच बोटं, नखांत काळं तेल, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. कॅमेरा हलल्याने जरासा अंधुक.

मी त्याला काहीही केलं नाही. होता तसा, मोठा छापला आणि तिकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला.

दोन दिवसांनी बालाजीचा फोन आला.  मागे शिफ्टचा भोंगा वाजला.

"मामा," तो म्हणाला, "वाकडीच हाय की वो."